बीजगणिताची मधली पायरी

प्राथमिक शाळेंतील मुलांना बीजगणित शिकवावें, असें कोणीं म्हटलें म्हणजे सामान्यतः दोन तऱ्हेचे अभिप्राय ऐकूं येतात. ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी अद्याप नीट साधत नाहीं, त्याच्या डोक्यावर 'क्ष' आणि 'य' यांचें ओझें घालणें हा निव्वळ अविचार होय, असा एक. परदेशांत असले प्रयोग चालू आहेत, तस्मात् आपणही ते करावे, असा दुसरा. हे अभिप्राय एकमेकांच्या विरुद्ध दिसतात; परंतु दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच आहे. ती अशी, कीं बीजगणित ही वस्तु बाहेरून आलेली, वरच्या इयत्तांची आणि अक्षरांची बनलेली आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून मीं तीन तपें अध्यापन केलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यामुळें उच्च गणिताविषयीं बोलण्याचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु तिसरी-चौथीचीं मुलें कोठें अडतात आणि कशानें मोकळीं होतात, हें पाहण्याची संधि मला भरपूर मिळाली. आणि निवृत्तीनंतर या विषयाच्या इतिहासाकडे वळलों तेव्हां वरील समजूत तिन्ही अंगांनीं खोटी आहे, असें माझ्या दृष्टोत्पत्तीस आलें. तोच इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम बीजगणित म्हणजे काय, तें पाहूं. आपल्याकडे त्याचें जुनें नांव 'अव्यक्त गणित'. ज्या राशि दिलेल्या आहेत त्या व्यक्त. जी शोधावयाची ती अव्यक्त. अंकगणितांत आपण माहीत असलेल्या संख्यांवरून एकेक पाऊल टाकीत माहीत नसलेल्या संख्येकडे जातों. बीजगणितांत याच्या उलट, जी संख्या माहीत नाहीं तिला एक नांव द्यावयाचें, ती जणूं हातांतच आहे असें मानून तिच्याशीं व्यवहार करावयाचा, आणि शेवटीं तिला आपली ओळख सांगावयास लावावयाचें. म्हणजे मुख्य गोष्ट अक्षर नव्हे. अज्ञाताला न भितां हाताळणें ही होय. ज्या आईनें ताटाखालीं झांकलेले लाडू किती, असें मुलाला विचारलें, तिनें अव्यक्त गणिताचा आरंभ करून दिला.

आतां आपल्या प्रदेशाकडे येऊं. राष्ट्रकूट राजे आपल्या शिलालेखांतून व ताम्रपटांतून 'लट्टलूरपुरवराधीश्वर' अशी पदवी मोठ्या अभिमानानें लावीत. हें लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर, असें बहुतेक इतिहासकार मानतात; आणि नांदेड जिल्ह्यांतील कंधार येथें त्या राजवटीच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. या घराण्यांतील अमोघवर्ष पहिला हा इ. स. ८१४ पासून सुमारें ८७८ पर्यंत राज्यावर होता. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे गुलबर्ग्याजवळचें मालखेड. त्याच्या काळीं, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य नांवाच्या जैन गणितज्ञानें 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचिला व आरंभीं अमोघवर्षाचें स्तवन केलें. ज्योतिषाचा आश्रय न घेतां केवळ गणितासाठीं लिहिलेला हा ग्रंथ दक्षिणेंत पुष्कळ काळ अभ्यासिला जात असे. अकराव्या शतकांत पावुलूरि मल्लन यानें तो तेलुगूंत आणिला, आणि १९१२ सालीं एम्. रंगाचार्य यांनीं तो इंग्रजी भाषांतरासह मद्रास येथें प्रसिद्ध केला.

या ग्रंथांतील एक उदाहरण पाहावें. नऊ म्हाळुंगें आणि सात कवठें यांची मिळून किंमत १०७. सात म्हाळुंगें आणि नऊ कवठें यांची मिळून १०१. तर एका म्हाळुंगाची व एका कवठाची किंमत काय? आजच्या शाळेंत हें उदाहरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणें' या भारदस्त नांवाखालीं दहावींत येतें. परंतु तें चौथीच्या मुलासमोर फळांच्या दोन टोपल्या काढून मांडा, आणि काय होतें तें पाहा. दोन्ही टोपल्या एकत्र ओतल्या, तर सोळा म्हाळुंगें व सोळा कवठें होतात, आणि किंमत २०८. म्हणजे एक म्हाळुंग व एक कवठ अशा जोडीची किंमत १३. आतां पहिल्या टोपलींत दुसरीपेक्षां दोन म्हाळुंगें अधिक व दोन कवठें कमी, आणि किंमत ६ नें अधिक. म्हणजे एक म्हाळुंग एका कवठाहून ३ नें महाग. जोडी १३ ची, फरक ३ चा. तर म्हाळुंग ८ चें आणि कवठ ५ चें. येथें एकही अक्षर लागलें नाहीं. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार यांपलीकडे कांहीं लागलें नाहीं. तरीही हें शुद्ध बीजगणित आहे.

महावीराचार्यांनंतर सुमारें तीनशें वर्षांनीं भास्कराचार्य झाले. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा, सह्याद्रीच्या आश्रयानें असलेलें विज्जडविड हें आपलें गांव, असें ते स्वतःच सांगतात. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं 'सिद्धांतशिरोमणि' रचिला. परंपरेनें 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानतात. पहिल्यांत व्यक्त गणित आहे, दुसऱ्यांत अव्यक्त. येथें कोणी चतुर श्रोता मला अडवील आणि म्हणेल, "पाहा, भास्कराचार्यांनींही बीजगणित मागाहूनच ठेविलें, मग आपण तें लहानांना कशास देतां?" आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचें उत्तर 'लीलावती' च्या पोटांतच आहे.

'लीलावती' हें आरंभींच्या विद्यार्थ्याचें पुस्तक. त्यांतील कित्येक उदाहरणें एका बालिकेला उद्देशून घातलेलीं आहेत. या पुस्तकांत भागाकार, वर्गमूळ व अपूर्णांक झाल्यावर, आणि त्रैराशिकाच्या आधीं, भास्कराचार्य तीन युक्त्या शिकवितात. पहिली विलोमविधि, म्हणजे उलट वाटेनें जाणें. एका संख्येवर अमुक अमुक क्रिया केल्या आणि शेवटीं इतके उरले, तर शेवटापासून मागें यावें. जेथें गुणिलें असेल तेथें भागावें, जेथें मिळविलें असेल तेथें वजा करावें. त्यांच्या प्रसिद्ध उदाहरणांत शेवटीं २ उरतात, आणि उलट चालत गेलें असतां मूळ संख्या २८ निघते. दुसरी युक्ति इष्टकर्म. कमळांच्या एका राशींतील तिसरा, पांचवा, सहावा आणि चौथा भाग निरनिराळ्या देवतांना वाहिला, उरलेलीं सहा कमळें गुरूला दिलीं. तर एकूण कमळें किती? येथें मनास येईल ती सोयीची संख्या धरावी. साठ धरिली, तर वीस, बारा, दहा व पंधरा मिळून सत्तावन्न जातात, तीन उरतात. आपल्याला उरावयास हवींत सहा, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळें एकशेंवीस. तिसरी युक्ति संक्रमण. दोन संख्यांची बेरीज १०१ आणि वजाबाकी २५, तर त्या संख्या ६३ व ३८. म्हाळुंग-कवठाच्या उदाहरणांत शेवटीं आपण हेंच केलें.

या तिन्ही युक्त्यांत अज्ञात संख्या आहे, तिच्याविषयीं विचार आहे. मात्र तिच्यासाठीं चिन्ह नाहीं. अंकगणिताच्या जमिनीवरून बीजगणिताच्या ओटीवर चढण्यासाठीं ही मधली पायरी होय. भास्कराचार्यांनीं चिन्हांचें गणित पुढें ठेविलें, परंतु अज्ञाताचा विचार आरंभींच्या पुस्तकांतच घातला. माझ्या म्हणण्याचा सारा भार या एका भेदावर आहे.

चिन्हांकडे गेल्यावरही त्यांची रीत मुलांच्या किती जवळची आहे, तें पाहण्यासारखें आहे. पहिल्या अज्ञात राशीला त्यांनीं 'यावत्तावत्', म्हणजे 'जितकें तितकें', हें नांव दिलें आहे. अज्ञातें अनेक असतील, तर पुढचीं नांवें रंगांचीं: काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहितांना त्यांचीं आद्याक्षरें 'या', 'का', 'नी', 'पी', 'लो' अशीं घ्यावयाचीं. उदाहरणेंही व्यवहारांतलीं. एकाजवळ तीनशें रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, परंतु डोक्यावर शंभर रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ति सारखी आहे. तर घोड्याची किंमत काय? दुसऱ्याचे चार घोडे अधिक, पण त्यावर पहिल्याचे तीनशें आणि स्वतःचें कर्ज शंभर अशा चारशें रुपयांची तोड; म्हणून घोडा शंभराचा. ऋण संख्या येथें कर्जाच्या रूपानें येते, आणि कर्ज म्हणजे काय हें मराठवाड्यांतील शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावें लागत नाहीं. भास्कराचार्यांचा अभिप्राय असा आहे, कीं बुद्धि हेंच खरें बीज. वर्ण व चिन्हें तिचीं सहाय्यकें आहेत, आणि मंदबुद्धि जनांना कळावें म्हणून पूर्वाचार्यांनीं तीं मांडिलीं. चिन्हें सोपें करण्यासाठीं निघालीं. आज तींच भीतीचें कारण व्हावींत, हा विपर्यास नव्हे काय?

या विद्येची परंपरा आपल्या भागांत पुढेंही टिकून होती. चाळीसगांवाजवळच्या पाटणें येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें आणिला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि यादव राजा सिंघण याच्या काळीं, इ. स. १२०७ मध्यें, त्याला दान मिळालें, असें त्यावरून समजतें. पुढें सोळाव्या शतकाच्या आरंभीं गोदातीरावरील पार्थपुर, म्हणजे नांदेडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यांतील पाथरी, येथें ज्ञानराज नांवाचे ज्योतिषी झाले. त्यांचे पुत्र सूर्यदास, ज्यांना सूर्यपंडित असेंही म्हणतात, यांनीं १५३८ मध्यें भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'सूर्यप्रकाश' ही टीका लिहिली आणि १५४१ मध्यें 'लीलावती'वर 'गणितामृतकूपिका'. सरळ वाचलें असतां रामाची आणि उलट वाचलें असतां कृष्णाची कथा निघावी, असें विलोमकाव्य रचणारे पंडित ते हेच. ज्याला भाषेंत उलट वाटेनें चालतां येतें, त्याला विलोमविधीचें काय कौतुक!

याच परंपरेंतील कृष्ण दैवज्ञ हे विदर्भांतील दधिग्रामाहून काशीस गेलेल्या घराण्यांतले. इ. स. १६०० च्या सुमारास त्यांनीं 'बीजपल्लव' ही टीका लिहिली. ऋण म्हणजे काय, हें समजावितांना ते तीन वाटा दाखवितात: दिशेची, काळाची आणि वस्तूची. पूर्वेकडे चालणें धन मानलें, तर पश्चिमेकडे चालणें ऋण. पुढचा काळ धन, तर मागचा ऋण. जवळची वस्तु धन, तर देणें असलेली ऋण. प्राथमिक शिक्षकानें फळ्यावर जसेंच्या तसें घ्यावें, इतकें हें विवेचन स्वच्छ आहे.

मग ही मधली पायरी पुसट कशी झाली? पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरवीत, उजळणी म्हणत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होत. तोंडी हिशेबांत त्या मुलांचा हात धरणें कठिण. परंतु त्या शाळेचें ध्येय कारकुनी आणि दुकानदारी हें होतें. सारा भर पाठांतरावर असे, आणि 'लीलावती' संस्कृत पंडितांच्या घरांत राहिली. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांत १८२० नंतर मराठींत गणिताचीं छापील पुस्तकें निघूं लागलीं. पुढें केरो लक्ष्मण छत्र्यांसारख्या थोर गणिताध्यापकांनीं तीं लिहिलीं. सोय मोठी झाली. पण त्याबरोबर विषयाची वाटणीही झाली: अंकगणित प्राथमिक शाळेचें, बीजगणित हायस्कुलाचें. दोन घरांच्या मध्यें भिंत उभी राहिली, आणि मधली पायरी भिंतीखालीं गेली.

आपल्या मराठवाड्याची कथा आणखी निराळी. हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथें माध्यमिक शिक्षणाचें माध्यम मुख्यतः उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत तर गणितासह सारे विषय उर्दूंतून शिकवीत, आणि त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें होतें. उर्दूंत आधुनिक ज्ञान आणण्याचा तो प्रयत्न विद्येच्या दृष्टीनें मोठाच होता. परंतु घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाला अज्ञात राशि आणि अज्ञात भाषा या दोहोंशीं एकाच वेळीं झुंजावें लागे. मराठी मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी, म्हणून औरंगाबादेस १९१५ मध्यें, अंबाजोगाईस १९१७ मध्यें, हिप्परग्यास १९२१ मध्यें खाजगी शाळा निघाल्या. त्यांपैकीं हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन्ही ठिकाणीं स्वामी रामानंदतीर्थ शिक्षक होते.

उर्दू-फारसी परंपरेंत बीजगणिताला 'जब्र-ओ-मुकाबला' म्हणतात. इ. स. ८२५ च्या सुमारास बगदादच्या अल्-ख्वारिज्मी यानें लिहिलेल्या ग्रंथाच्या नांवांतील हे दोन शब्द आहेत, आणि युरोपचा 'अल्जिब्रा' हा त्यांतल्याच पहिल्या शब्दाचा अपभ्रंश. 'जब्र' म्हणजे मोडलेलें सांधणें. वजा झालेली राशि दुसऱ्या बाजूस मिळवून तूट भरून काढणें. 'मुकाबला' म्हणजे समोरासमोर उभें करणें. दोन्ही बाजूंच्या सारख्या राशि आमनेसामने धरून काढून टाकणें. दोन पारड्यांच्या तागडीचें याहून नेमकें वर्णन कोणतें? उलटपक्षीं, भास्कराचार्यांचें 'बीजगणित' अताउल्ला रश्दी यांनीं १६३४ च्या सुमारास फारसींत आणिलें. त्याआधीं, १५८७ मध्यें, फैजीनें 'लीलावती' आणिली होती. म्हणजे दोन्ही परंपरांची ओळख जुनी आहे, आणि आपल्या प्रदेशाला दोन्हींचा वारसा मिळालेला आहे.

सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान मुक्त झालें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास आणि १९६० मध्यें महाराष्ट्रास जोडला गेला, आणि मराठी माध्यम सर्वत्र आलें. भाषेची भिंत पडली, परंतु विषयाची भिंत राहिली. पांचवीपर्यंत आकडे, आणि त्यानंतर एके दिवशीं फळ्यावर एकाएकीं 'क्ष' अवतरतो. बालभारतीनें २०१५ सालीं काढलेल्या पांचवीच्या गणिताच्या पुस्तकांत 'बीजगणिताची पूर्वतयारी' असें प्रकरण घातलें, ही मोठी समाधानाची गोष्ट. तथापि तें पुस्तकाच्या शेवटीं होतें. आणि शेवटचें प्रकरण वार्षिक परीक्षेच्या धामधुमींत कसें उरकलें जातें, हें शिक्षकांस सांगावयास नको.

उशीर झाला म्हणजे नुकसान काय होतें? मुख्य नुकसान बरोबरच्या चिन्हाचें. चार-पांच वर्षें मूल तें चिन्ह 'आतां उत्तर लिहा' अशी आज्ञा म्हणूनच वाचतें. आठ आणि चार यांची बेरीज डावीकडे मांडावी, उजवीकडे एक रिकामी चौकट आणि पांच मांडावे, आणि चौकटींत काय येईल असें विचारावें. बरोबर उत्तर सात. परंतु मुलें बारा लिहितात, नाहींतर सर्वांची बेरीज करून सतरा. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. अमेरिकेंत १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत एका शाळेच्या सहावींतील १४५ मुलांपैकीं एकानेंही सात लिहिलें नव्हतें. ज्याला बरोबरचें चिन्ह म्हणजे तागडीचा तोल हें ठाऊक नाहीं, त्याला समीकरण कसें कळणार? मग तो 'पद पलीकडे नेलें कीं चिन्ह बदलतें' हा मंत्र घोकतो, आणि मंत्र चुकला कीं सारें चुकतें.

यावर मीं वर्गांत काय केलें, तें सांगतों. साधनें म्हणजे रिकाम्या आगपेट्या आणि चिंचोके. प्रत्येक पेटींत सारखेच चिंचोके मोजून भरावयाचे आणि पेट्या बंद करावयाच्या. मध्यें खडूची रेघ. डावीकडे दोन पेट्या व तीन सुटे चिंचोके; उजवीकडे अकरा सुटे; दोन्हीकडे एकूण चिंचोके सारखेच. पेटी न उघडतां आंत किती, तें सांगावयाचें. तिसरीचीं मुलें हें पाहतां पाहतां सोडवितात. मग दोन्हीकडे पेट्या ठेवावयाच्या: डावीकडे तीन पेट्या व दोन सुटे, उजवीकडे एक पेटी व दहा सुटे. येथें बहुतेक मुलें घुटमळतात. एका वर्षीं चौथीच्या वर्गांत, जिचे वडील आडत बाजारांत हमाली करीत, अशी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, दोन्हीकडची एक एक पेटी उचला की, सारखंच राहतंय." तिनें 'मुकाबला' हा शब्द ऐकला नव्हता, परंतु क्रिया तीच केली. पुढें पेट्यांचीं चित्रें काढण्याचा मुलांना कंटाळा आला, तेव्हां तीं आपण होऊन पाटीवर 'तीन पे' असें लिहूं लागलीं. भास्कराचार्यांचा 'या' आणि आमच्या मुलांचा 'पे' यांत मला तरी कांहीं अंतर दिसलें नाहीं. ज्या मुलानें स्वतः 'पे' लिहिला, तो पुढें 'क्ष' पाहून दचकत नाहीं.

कोणी म्हणेल, ही तर एका खेडवळ मास्तराची हौस. म्हणून इतरत्र काय झालें, तेंही पाहावें. मॉस्को येथें एल्कोनिन व दाविदोव या मानसशास्त्रज्ञांनीं १९६० च्या सुमारास पहिल्या इयत्तेपासून असे धडे दिले. तेथें मुलें अंकांच्याही आधीं कागदाच्या पट्ट्या, पाणी आणि वजनें यांची तुलना करीत, आणि लहान-मोठें-सारखें हें अक्षरांनीं दाखवीत. अमेरिकेंत रॉबर्ट डेव्हिस यांच्या १९५७ सालीं निघालेल्या मॅडिसन योजनेंतही मुलांना रिकाम्या चौकटींच्या द्वारें समीकरणांची ओळख करून देत. दोन देशांचें राजकारण एकमेकांच्या विरुद्ध. परंतु मुलाचें मन दोन्हीकडे सारखेंच निघालें.

आक्षेप उरतात, त्यांचा विचार करणें प्राप्त आहे. ज्यां पियाजे यांच्या मतें वस्तु समोर नसतां केवळ कल्पनेच्या बळावर विचार करण्याची शक्ति साधारण अकरा-बारा वर्षांनंतर येते. तें मान्य करून मी म्हणतों, कीं वस्तु समोर असूं द्यावी. पेटी, चिंचोका, टोपली आणि फळ हातीं द्यावें, आणि चिन्ह मुलाच्या गरजेंतून उगवूं द्यावें. दुसरा आक्षेप, आधींच अभ्यास फार. याला उत्तर असें, कीं नवा विषय वाढवावयाचा नाहीं. आहेत त्याच बेरजा-वजाबाक्या कधीं उलट बाजूनें, कधीं चौकट मध्यें ठेवून विचारावयाच्या. पाढे सुटतां कामा नयेत; ज्याला पाढे येत नाहींत, त्याची पायरीही डळमळते. तिसरा आक्षेप सर्वांत खरा: शिक्षकालाच बीजगणिताची धास्ती असते. त्यावर उपाय शिक्षकाच्या शिक्षणांतच करावयास हवा. आणि या भागासाठीं परीक्षा व गुण ठेवूं नयेत, म्हणजे निम्मी धास्ती जाईल.

हें सर्व आजच कां सांगावें? १९८२ सालीं स्वतंत्र जिल्हा झालेल्या लातुराचें नांव गेल्या शतकाच्या अखेरीपासून गुणांच्या यादीनें गाजत आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या राजर्षि शाहू महाविद्यालयापासून 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला, आणि नांदेडनेंही त्याच वाटेवर पाऊल टाकलें. दूरदूरच्या गांवांहून मुलें येथें शिकवणीस येतात. त्या मेहनतीविषयीं मला आदर आहे. परंतु ती चढाई अकरावी-बारावीची. तेथवर जें मूल पोंचतच नाहीं, त्याचें काय? तांड्यावरचें, वस्तीवरचें, ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर गांव सोडणारें मूल सातवी-आठवींत 'क्ष' पाशीं अडतें, "आपल्याला गणित येत नाहीं" असा निकाल स्वतःवरच देतें, आणि बरेच वेळां शाळाच सोडतें. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे, त्याला ती हरवलेली पायरी शिकवणींत विकत मिळते. ज्याच्याजवळ नाहीं, त्याला ती जिल्हा परिषदेच्या शाळेंत, तिसरी-चौथींत, आगपेटी आणि चिंचोक्यांच्या किंमतींत मिळाली पाहिजे.

आपल्या घरीं लहान मूल असेल, तर त्याला बीजगणित हा शब्दही सांगूं नये. मूठ मिटून विचारावें: माझ्या दोन्ही मुठींत सारखे दाणे आहेत, ताटांत तीन आहेत, मिळून पंधरा, तर एका मुठींत किती? उत्तर घाईनें सांगूं नये. मूल मुठीकडे पाहात थोडा वेळ गप्प राहील. त्या गप्प राहण्यांतच अव्यक्त गणित चालू झालेलें असतें.